तिच्या बाजूचं अंतर

टेपवरचा पहिला इंच झिजून कोरा झालेला, म्हणून ती नेहमी एकच्या खुणेपासून धरायची आणि शेवटी एक वजा करायची — पंधरा वर्षं पडदे शिवून बोटांना लागलेली सवय — आणि तरीही टीव्हीची रुंदी साडेसदतीसच भरत होती. खाली पाटीवर तर त्रेचाळीस लिहिलेलं. हे आपल्याला सरळ टोपी घालताहेत, असं मनात आलंच, आणि तिने पुन्हा टेप लावली.

"ताई, हा तिरका मोजतात," विक्रेता हळूच म्हणाला. "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

तिरका... खिडकी कोणी तिरकी मोजत नाही. ती ओशाळली, टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"गेम खेळायला ना? मुलासाठी?"

"नवऱ्यासाठी."

त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, हे तिला बरं वाटलं. "मग बघणार कुठून? बेडवरून, की टेबलाशी बसून?"

नेमकं तेच तर घरातून निघाल्यापासून डोक्यात घोळत होतं. चार महिन्यांपूर्वी नवरा क्रेनच्या शिडीवरून पडला; पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पायांत ताकद येईल, पण रोज थोडं थोडं बसवा, कंटाळला तरी बसवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आज नको, उद्या बघू. गेल्या आठवड्यात मात्र त्याने आपण होऊन काहीतरी मागितलं — बाहेरच्या खोलीतला जुना गेमचा डबा आत आण, आणि त्याला जोडायला एक पडदा आण. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, आनंदाने.

"हात हलला की चित्र हललं पाहिजे, तेवढं बघ," तो म्हणाला होता. वीस वर्षं क्रेनवर बसून हात हलवला की खालचा बोजा क्षणभर उशिरा हलायचा, आणि तो क्षण तो डोक्यात बाळगून काम करायचा... आता पायांना सांगितलेलं किती उशिरा पोचतं, की पोचतच नाही, हे तो कोणाला सांगत नव्हता.

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. लहान मॉनिटर, टेबलावर, समोर पाठ टेकायची खुर्ची. खेळायचंय ना? मग बस. मोठा टीव्ही भिंतीवर लावला की हा कायमचा आडवा.

"टेबलाशी बसून," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच.

कारण तो पट्टा. उतरताना सुरक्षेचा पट्टा अडकवलाच नव्हता त्याने. दवाखान्यात सहज सांगून मोकळा झाला — आठच पायऱ्या राहिल्या होत्या गं. त्यावर ती काही बोलली नव्हती. दुखणाऱ्या माणसाला काय बोलायचं? गिळलं. पण खरं सांगायचं तर तिला त्याचा राग आला होता, अजून येत होता, आणि त्या खुर्चीत औषधाइतकीच थोडी शिक्षाही होती.

विक्रेत्याने सत्तावीस इंची मॉनिटर लावून दाखवला. पडद्यावर एक गाडी वळण घेत होती. "याला उशीर जवळजवळ नाहीच," तो म्हणाला. चांगला होता. हाच घ्यायचा. फक्त नवऱ्याच्या कानावर घालावं म्हणून तिने फोन लावला.

"लहान घेतेय. टेबलावरचा. बसून खेळायचं."



"बसेन गं," तो म्हणाला. "घे तुला हवा तो. फक्त सगळं माझ्याकडूनच मोजू नकोस. तुझ्या बाजूने पण दिसू दे."

"माझ्या कुठल्या बाजूने?"

"बेडच्या. खिडकीकडच्या."

तिने फोन ठेवला. खिडकीकडच्या बाजूला आता औषधांचा ट्रे असायचा, जादा उशा, धुतलेल्या चादरी. तो दवाखान्यातून आला त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत, पडद्यांच्या कापडाशेजारी झोपत होती. झोपेत त्याला धक्का लागेल म्हणून. सगळ्यांना हेच सांगितलं होतं, आईलासुद्धा, आणि सगळ्यांना ते पटलंही होतं. डॉक्टरांनी मात्र तसं कधी म्हटलं नव्हतं...

"पॅक करू?" विक्रेत्याने विचारलं.

खोलीतली सगळी अंतरं तिला पाठ होती. उशीपासून भिंत, खुर्चीपासून टेबल, दारातून बेड. तिच्या बाजूच्या उशीपासूनचं ते एक अंतर तेवढं तिने घेतलं नव्हतं, आणि तिथे आडवं झाल्याशिवाय ते घेताही येणार नव्हतं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती दोन्ही पडद्यांसमोर उभी राहिली. चार महिने ती एकच धास्ती घेऊन फिरत होती, की नवरा उठणार नाही. आता पहिल्यांदाच तिला भीती वाटली ती स्वतःची — तो उद्या उठून चालायला लागला, तरी आपण त्या बाजूला परत जाणार आहोत का, हे तिला ठाऊक नव्हतं.