आई गावी एकटी असते

कचरू वाळूजच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याला मिशा फुटत होत्या. आता त्या पिकल्या. तरी बजाजनगरातल्या भाड्याच्या खोलीत तो पाहुण्यासारखाच राहायचा. बायकोनं, रूपानं, फ्लॅटचं नाव काढलं की म्हणायचा, "कशाला? आपल्याला गावीच जायचंय. आई तिथं एकटी असती." सासू म्हणजे माणूस नव्हे, कोर्टाची स्थगिती आहे, असं रूपाला वाटायला लागलं होतं.

खरी गोम वेगळी होती. इथं त्याला "ए हेल्पर" म्हणत. कन्नड तालुक्यातल्या गावी एसटीतून उतरला की तो कचरूशेठ व्हायचा. साहेब आपल्याला विचारल्याशिवाय मशीन चालू करत नाही, असं पारावर ठोकून द्यायचा आणि गाव ऐकून घ्यायचं.

यंदा त्यानं चतुराबाईला, म्हणजे आईला, मोतीबिंदू काढायला आणलं. म्हातारीनं घरातला नळ पाहिला, संडास पाहिला, आणि पट्टी सुटल्यावर सूनही नीट पाहिली. चार दिवसांत गल्लीतली सगळी लफडी तिला तोंडपाठ.

"आई, चल, गावी सोडतो."

"मी नाय जायाची."

"आगं, म्हैस? घर?"

"म्हैस इकूनच आले. घर शाळंच्या मास्तरला राहायला दिलं."

"मला इचारलं बी नाय!"

"तू इचारून आलतास व्हय इकडं? तिथं बोलू कुणाशी? तुझ्या बापाच्या फोटूशी? जित्तेपणीबी उत्तर देत नव्हता त्यो."

रूपा तोंडात पदर कोंबून आत पळाली.

कचरू तणतणत एकटाच गावी गेला. स्वतःच्याच दारात मास्तरनं विचारलं, "कोण पाहिजे?" पारावर गेला, तर ऐकणारे निम्मे पुण्याला, निम्मे चाकणला. उरलेल्या बहिऱ्या म्हाताऱ्याला त्यानं साहेबाची गोष्ट सांगितली. म्हातारा म्हणाला, "व्हय, कांदा यंदा सडलाच."

आल्या पावली कचरू फिरला. खोलीला कुलूप. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं उलथलास?" चतुराबाई ओरडली. "मागच्या गल्लीत फ्लॅट बघतोय. तिसरा मजला. लवकर ये!"

शिव्या देतच तो जिने चढला. दोघी स्वयंपाकघराच्या ओट्यावरून भांडत होत्या; त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तो बाल्कनीत गेला. वारं गार होतं. त्यानं कठड्यावर कोपरं टेकली, खाली एक सणसणीत पिंक टाकायचा मोह आवरला, आणि आत तोंड करून म्हणाला, "ओटा जरा उंच पाहिजे."