नागीचं अकरावं वर्ष

मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, शेवटच्या प्रकरणाचा कच्चा आराखडा परत आला तेव्हा मिनेको सावातारी तांदूळ धूत होती. संपादक हातानोने तो पाकिटातून अगदी हळू काढला. वर लाल पेन्सिलीने एकच शब्द होता : नाही.

"ऐकतच नाहीत हो दिग्दर्शक," हातानो म्हणाला. "मालिकेत नागी परत येत नाही, तर मांगातही येणार नाही म्हणतात. तीनदा विचारलं, बाई. तिसऱ्यांदा फोनच आपटला."

"मी बघते," म्हणत मिनेकोने हात पुसले.

दिग्दर्शक शुजी इनोकुमा पूर्वी तिचा नवरा होता. त्यांची मुलगी चिगुसा सहा वर्षांची असताना मेंदूज्वराने तीन दिवसांत गेली. वर्षभर दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत वावरले आणि मग न भांडता वेगळे झाले. पुढे शुजीची ॲनिमेशन मालिका टीव्हीवर आली, ढगांचा कळप राखणाऱ्या नागीची. पहिल्याच भागात सहा वर्षांच्या नागीने विचार करता करता कानाची पाळी चोळली आणि मिनेकोचा घास हातातच राहिला. चिगुसा अगदी अशीच पाळी चोळायची. मालिकेवरून मांगा काढायचं ठरलं तेव्हा मिनेकोने ते काम स्वतःहून मागून घेतलं.

शेवटच्या भागात दहा वर्षांची नागी वादळी ढगांमागे गेली ती गेलीच. घरोघरी पोरं रडली. मिनेकोने मात्र आपल्या आराखड्यात तिला वर्षभराने घरी आणली होती, ओलीचिंब, दारातूनच "आई, भूक लागली" म्हणणारी.

दुपारी ती शुजीच्या ओगिकुबोतल्या स्टुडिओत पोचली. शुजी टेबलाशी बसून भाताचा गोळा खात होता. तो स्वतः पार वाळला होता.

"चहा घेतेस?"

"नको. का येऊ देत नाहीस तिला?"

"मिनेको, हे काम आहे."

"काम मला नको शिकवूस. पोरगी माझीही होती."

शुजीने हातातला घास खाली ठेवला आणि खण ओढला. आत कागदांचा गठ्ठा होता. सगळे चेहरे, सगळ्यांवर काट मारलेली.

"मीही आणणारच होतो तिला," तो म्हणाला. "सहा वर्षांची ती मला तोंडपाठ होती. सातची काढली, आठची काढली, दहापर्यंत कशीबशी ओढली. दर वर्षी थोडी थोडी परकी होत गेली गं. अकराव्याला कागदावर कुणा शेजाऱ्याचीच पोर उतरली. तिला उभी करू दारात? तिला आई म्हणू देऊ?"

"तुला जमलं नाही म्हणून..."

"मग तू काढ. तुला जमली तर मी मुकाट्याने सही करतो. पण आराखड्यात तूही नुसतं वर्तुळच काढलंयस, मिनेको."

खरं होतं. नागीच्या चेहऱ्याच्या जागी तिने रिकामं वर्तुळ ठेवलं होतं. पुढे भरू म्हणून.

आठ दिवस ती भरत बसली. हनुवटी लांबवली, पुढचे दात मोठे केले, केस कापले, पुन्हा वाढवले. एक दिवस शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाठीवर दप्तरं घेतलेल्या अकरा-अकरा वर्षांच्या मुली एकमेकींना ढकलत, खिदळत बाहेर पडत होत्या. ती एकेकीचं तोंड न्याहाळत राहिली. शेवटी एक शिक्षिका जवळ आली.

"माफ करा, आपण कुणाच्या आई?"

मिनेकोने खाली वाकून नमस्कार केला आणि घरी आली.

नवव्या दिवशी तिने मालिकेतलाच शेवट काढला. नागी पाठमोरी, दहाचीच, ढगांत शिरणारी. ती चौकट काढताना हात कुठेच अडला नाही, याचंच तिला जास्त रडू आलं.

पानं पोचल्यावर शुजीचा फोन आला.

"मानेवर, केसांच्या खाली, तीळ काढलायस तू."

"होता तिला."

"मी विसरलो होतो. मिनेको, मी विसरलो होतो गं. येऊ का तिकडे?"

तिने फोन कानाशी घट्ट धरला. तो आला तर दोघं समोरासमोर बसतील, आणि उद्या तो पुन्हा जाईल.

"नको, शुजी," ती म्हणाली. "पण फोन ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही.