घमेल्याचं धृपद

मंगळवार पेठेतल्या विठ्ठल मंदिरात कीर्तन असलं की तानाबाईंची जागा ठरलेली. पुढच्या ओळीत, डाव्या खांबाला टेकून, बुवांच्या अगदी तोंडासमोर. राजारामपुरीत त्यांची खानावळ होती, पण कीर्तनाच्या दिवशी त्या रात्रीच्या भाकऱ्या दुपारीच थापून मोकळ्या व्हायच्या. जेवणारी पोरं कुरकुरली तर म्हणायच्या, "पोट रोजचंच हाय की रं! मी चाललो कीर्तनाला, तुमीबी चला." बुवांनी एखादी ओळ सुरात सोडली की ती पहिल्यांदा उचलायची तानाबाईंनीच. त्यांच्या मागून टाळकरी, टाळकऱ्यांच्या मागून सगळा मंडप. देवळाला तशी सवयच लागली होती.

आज मात्र बुवांच्या जागी तानाबाईंची भाची निशिगंधा उभी राहणार होती.

पोरीला मांडीवर घेऊन कीर्तनाला आणलं ते आत्यानंच. पुढं तिनं भाषांचा अभ्यास केला, क्लासमध्ये शिकवायला लागली, पण कीर्तनाचं वेड काही सुटलं नाही. उत्सवाच्या बुवांचा ऐनवेळी घसा बसला तेव्हा तानाबाईंनीच तिचं नाव पुढं केलं. देवळाचे कारभारी बाळासो आधीच कडक, त्यात विषय ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्याच पडल्या.

"घमेलं? कसलं घमेलं?"

"तेच की काका. वाळू-सिमेंटचं."

"अगं, देवाच्या दारात गवंडीकाम काढतीस व्हय?"

"शब्दाची गोष्ट हाय, काका. शेवटी देवापाशीच येतो मी."

बाळासोंनी थोडा वेळ मिशी चाचपली. "हे बघ, पूर्वरंग कर. लोकं रमली तर मधी रीतीप्रमाणं हार घालतो, मग लाव आख्यान. न्हाय रमली तर आरती करून मोकळं व्हायचं. आणि पुन्हा इथं उभं ऱ्हायाचं नाव काढायचं न्हाय."

कीर्तनात पूर्वरंग म्हणजे निरूपण. ते संपलं की कीर्तनकाराच्या गळ्यात हार पडतो, कपाळाला बुक्का लागतो आणि मग गोष्ट रंगते. तो हार पोरीच्या गळ्यात पडावा म्हणून तानाबाई सकाळपासून विठ्ठलाच्या मागं लागल्या होत्या.

नमन झालं. आकारामनं पखवाजावर थाप दिली आणि निशिगंधानं विषयाला हात घातला.

"माझ्या बापानं शिरोलीच्या फाउंड्रीत जन्मभर घमेल्यानं वाळू वाहिली. मला वाटायचं, हा शब्द तिथंच कुठंतरी भट्टीत ओतला असंल."

मंडप हसला. तानाबाईंना जरा बरं वाटलं.

"पण अभ्यासक सांगतात, हा पावणा लांबचा हाय. जुन्या रोमी लोकांच्या लॅटिन भाषेत 'कामेला' म्हणजे प्यायचा पेला. फ्रान्समधल्या शिपायानं त्याचा 'गामेल' केला, म्हणजे जेवणाचा डबा. पोर्तुगालात त्याचं लाकडी भांडं झालं. तिथनं जहाजात बसून तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि घाट चढून हितं आला तोवर लोखंडाचा झाला. पोर्तुगालात त्याला काय म्हणत होते ठाऊक हाय?" तिनं डोळे मिटले, हात उंचावला आणि शब्द वरच्या पट्टीत लांबवला, "गा... मे... ला!"

ती क्षणभर थांबली. पुढचं वाक्य बोलायचं होतं तिला.

पण तानाबाईंच्या कानाला सूर लागला होता. सूर सुटला की उचलायचा, एवढंच त्यांच्या गळ्याला ठाऊक. "गामेलाऽऽ, गामेला!" त्यांनी खणखणीत उचल केली. टाळकऱ्यांनी मागचापुढचा विचार न करता टाळ दणाणवले. आकारामचा पखवाज धावायला लागला. मंडपातल्या बायाबापड्या डोळे मिटून, माना डोलावत गायला लागल्या, "गामेला! गामेला!"

तानाबाई भानावर आल्या तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण मंडपाच्या तोंडाला कोण लावणार? तिकडं सभामंडपाच्या दारात बाळासो हाराचं तबक घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा असा, की आता तबक खाली ठेवतात आणि आरतीचं निरांजन उचलतात.

'पांडुरंगा, पोरीचं वाटोळं मीच केलं रं,' तानाबाई मनात म्हणाल्या.

निशिगंधानं आत्याकडं पाहिलं. आधी ती गोंधळली, मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तिनं टाळकऱ्यांना थांबवलं नाही. उलट चिपळ्या वाजवत त्यांच्याच ठेक्यात शिरली आणि ओळ जोडली,

"रिता माझा गामेला,
भर रे देवा गामेला!"

मंडपानं ती ओळ झेलली. तिनं पुन्हा दिली, पुन्हा आली. मग हात खाली आणून तिनं सगळ्यांना शांत केलं.

"बघा, रोमी माणसानं ह्यात पेय घेतलं, शिपायानं जेवण, माझ्या बापानं वाळू. ज्यानं त्यानं आपापलं भरलं. तुमी आज न विचारता ह्यात देवाचं नाव भरलं. आता मी वेगळं काय सांगू?"

मागून एक म्हातारं ओरडलं, "वा गं वाघिणी!" आणि टाळ्या पडल्या.

बाळासो तबक घेऊन पुढं आले. चालताना त्यांचे ओठ हलत होते. जवळून गेले तेव्हा तानाबाईंना स्पष्ट ऐकू आलं, ते पुटपुटत होते, "भर रे देवा गामेला..." त्यांनी हार घातला, बुक्का लावला आणि वाकून नमस्कार करत दरडावलं, "बघत काय उभी ऱ्हायलीस? आख्यान लाव की!"

तानाबाईंनी डोळे पुसले आणि पदराचा बोळा तोंडात घट्ट धरला. आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

निशिगंधानं आख्यानाची पहिली ओळ सुरात सोडली. कुणी उचलेना. टाळकरी तानाबाईंकडं बघत थांबले होते.

निशिगंधानं चिपळ्या धरलेला हात कमरेवर ठेवला. "आत्या, रुसलीस व्हय? उचल की!"

तानाबाईंनी पदर सोडला.