पळणारा पिठ्या

माझा थोरला रणधीर शेतकीचं शिकलेला. त्यामुळं सीताफळाच्या बागेत काय फवारायचं ते तो उमरग्याच्या औषधवाल्याला विचारतो. त्या माणसानं आमचं एकही झाड बघितलेलं न्हाय, पण औषध अचूक सांगतो. दुकानात जे पडून असंल ते. घरी खायला विहिरीजवळची दोन झाडं बिनफवारणीची राखलीत. बाकीची फळं लोकांनी खावीत.

यंदा सून दीपमाला अडून बसली. फळांवर पिठ्या ढेकूण आला, कापसावाणी पांढरा, तर तिनं विषाऐवजी डबीभर भुंगे आणून सोडले. हे ढेकूण खातात म्हणं. रणधीरनं मेहेरबानी करून महिन्याची मुदत दिली. फरक न्हाय पडला तर सगळी बाग फवारणार.

पंधरा दिवसांनी मला चार झाडांवर पांढरे झिपरे किडे दिसले. घरात शिकलेले दोघं असून नजर माझीच चालते. ओल्या फडक्यानं एकूणएक पुसून काढले.

दीपमालानं फडकं उलगडून बघितलं. शेजारच्या झाडावरचा तसलाच एक किडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला. तो पळत सुटला. पिठ्या काय पळत न्हाय. तो बसल्या जागी रस पितो, आमच्या जावयावाणी.

"आत्या, ही भुंग्याची पिल्लं. दिसतात पिठ्यासारखी, पण त्यालाच खातात."

ती रागावली न्हाय. तेच जास्त लागलं.

मुदत संपली. रणधीर पाठीला पंप अडकवून आला अन् नेमका त्याच चार झाडांपाशी थांबला. तिथं फळाफळावर पिठ्या चढला होता. बघा हिच्या भुंग्यांची करामत, म्हणाला. एक शब्द बोलली असती तर दीपमाला सुटली असती. ती खाली मान घालून उभी राहिली.

म्या पंपाची नळी धरली.

"ही चार झाडं माझ्या हातानं बिघडली. पिठ्या समजून म्या भुंग्याची पिल्लं मारली. उरलेली बाग बघ, मग काय फवारायचं ते फवार."

आईनं चूक कबूल केलेली त्यानं जन्मात ऐकली न्हवती. ओळीओळीनं फळं बघत गेला. तासाभरानं येऊन पंप उतरवला अन् या चार झाडांना किती भुंगे लागतील, असं बायकोला विचारलं. एक डबी पुरंल, ती म्हणाली; सोडायला आत्या येतील का?

गेले. तिला एकटीला जमलं असतं व्हय?