गारगोट्यांच्या जुड्या

माह्या लेकाले, चंपतले, एक खोड आहे. हातात आलेली वस्तू तो जशी आहे तशी राहू देत नाही. मेथी असो, मुळा असो, पाहुण्याच्या वहाणा असो, हा ती झटकणार, पुसणार, वाढीव दिसलं ते छाटणार आणि ओळीनं मांडणार. बाजारात त्याच्या जुड्या साऱ्यांच्या आधी उठतात, हे मीच गावभर सांगत आली. मुळाले माती दिसली की गिऱ्हाईक नाक मुरडते, हेही मीच त्याले शिकवलं. पण तीस वर्षांच्या माणसानं आपलं डोकं कुठं ठेवलं होतं, ते त्यानंच सांगावं.

वाशीमवरून रेल्वेची नवी लाईन टाकत होते, त्या सालची गोष्ट. आमचा मळा गावाले लागून. जुनी विहीर माघातच तळाले जाई, म्हणून दुसरी खोदाले घेतली. अठ्ठावीस हातांवर काळा पाषाण लागला. पहार वाकली, पण दगडाचा टवका निघेना. पाणी खालीच होतं, कारण भेगांतून ओल येई. सुरुंगाशिवाय पुढं जाणं नव्हतं, आणि सुरुंगाची दारू सरकारच्या हुकमाबिगर कोणाले भेटत नाही. इकडं वाफ्यात वांग्याची आणि मिरचीची रोपं लावणीले आलेली. पंधरा दिवसांत पाणी लागलं नाही तर ती उभ्या उभ्या वाळणार होती. त्यांच्याशिवाय त्या वर्षी मळ्यात दुसरं काही नव्हतं.

अशात एक दिवस विहिरीच्या भिंतीत चंपतची पहार मुठीपर्यंत आत गेली. पोकळी निघाली, तिच्या भोवतीचा दगड जरा ठिसूळ. कंदील धरला तर आत साऱ्या बाजूनं गारगोट्या. वाटेवर पडलेल्या असतात तशा गोल नाही. सहा धारांच्या, टोकदार, खडीसाखरेसारख्या, एकाच काळ्या दगडातून दाटीनं वर आलेल्या. गडी हात जोडाले लागले. मी म्हटलं, आधी पाणी येऊ द्या, मंग हात जोडा.

मुनाफ हा वाशीमचाच, रेल्वेच्या पुलावर सुरुंग लावणारा. त्याची बायको लतीफा माह्याकडून भाजी नेई. तिच्याकडून त्याले कळलं, आणि तो पाहाले आला.

"आवडामावशी, याले बिलकुल हात लावू नका. आमचा साहेब असेच दगड जमा करून राह्यला. कापसात बांधून विलायतेले धाडते."

"तिथं काय करते त्याचं?"

"कपाटात ठेवते. अन् पाहते."

"नुसतं पाहते?"

"नुसतं पाहते, मावशी."

"मंग त्याच्या घरी कामाले माणसं लई असतीन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. टोपी काढून शिडीनं खाली उतरला आणि कंदील घेऊन त्या भोकापाशी बराच वेळ बसला. मी वरून पाहत होती. त्यानं टोकांले हात लावला नाही. गारगोटी जिथं काळ्या दगडातून निघते, तिथंच बोट फिरवत राह्यला. वर आल्यावर मुनाफच्या तोंडून बोलणं झालं. गारगोट्यांचा पुरा घोस एकसंध काढून द्याचा, त्याच्या बदल्यात मुनाफ आमच्या विहिरीत दोन सुरुंग उडवून देईन. साहेब चौथ्या दिवशी येणार.

जाता जाता मुनाफ चंपतले म्हणे, "जसा आहे तसा पाह्यजे बरं, भाऊ."

"माह्या मालाले आजवर कोणी नाव ठेवलं काय?" चंपत म्हणे.

भाचीचं लग्न होतं, म्हणून मी रिठदले गेली. दोन दिवसांनी आली तर अंगणात ओला फडका पसरलेला, आणि त्याच्यावर जुड्या. गारगोट्यांच्या. बोटाएवढ्या एका बाजूले, अंगठ्याएवढ्या दुसऱ्या बाजूले, पाच पाचची जुडी घायपाताच्या दोरीनं बांधलेली. चिंचेच्या पाण्यानं घासून लखलखीत केलेल्या. चंपत शेवटच्या जुडीले गाठ मारून राह्यला होता.

"काळा दगड कुठं आहे?" मी इचारलं.

"फोडून बांधावर टाकला. त्याचं ओझं कायले वाह्याचं, माय? घोस तर सापुट, अख्खाच्या अख्खा निघाला होता. सुट्या कराले हातोडीचे लई ठोके लागले."

सून हौसा चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणे, "मी म्हटलं होतं आत्याबाई, मुनाफभाऊ जसा आहे तसा म्हणे. तर मले म्हणे, तुले बाजारातलं काय समजते."

फुटलेलं काही बोलून जोडता येत नाही.

साहेब ठरल्या दिवशी आला. त्यानं एक जुडी उचलली, उलटी करून तुटलेलं बूड पाह्यलं, आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. मुनाफशी दोन शब्द बोलला आणि घोड्यावर बसला.

"काय म्हणे?" चंपत.

"म्हणे, यातलं मले काही नको."

"काहून? एक तरी मळकी आहे काय?"

मुनाफनं माह्याकडं पाह्यलं. मी त्याले म्हटलं, "छन्नी आहे तुह्याजवळ? चाल माह्यासंगं." आणि लुगड्याचा काष्टा आवळून शिडीनं खाली उतरली. त्याच्या आधी कोणत्याही विहिरीत उतरून मले वीस वर्षं झाली होती.

पोकळीत हात घातला. चंपतनं पुढचं सारं नेलं होतं, पण मागं, कोपरापर्यंत हात जाते तिथं, एक लहान घोस शिल्लक होता. अर्ध्या नारळाएवढा. एक टोक मोडकं, बुडाशी तांबडी माती.

"मुनाफ, रोप कसं काढतात, पाह्यलं काय कधी?"

"नाही, मावशी."

"उपटत नाही. बाजूची माती कापाची अन् मुळाच्या मातीसकट उचलाचं. तू गारगोटीले छन्नी लावू नको. चार बोटं सोडून काळा दगड काप."

दुपार गेली त्यात. खाली मी ओटी पसरून उभी. घोस दगडासकट ओटीत आला तसा मी तो धुतला नाही, पुसला नाही. टोपल्यात पळसाची पानं घातली, वर वाळलं गवत, आणि डोक्यावर घेऊन पुलापाशी साहेबाच्या तंबूत मीच गेली. साहेबानं तो बुडाकडून पाह्यला, मोडकं टोक पाह्यलं, मातीले बोट लावून पाह्यलं. मंग एक बोट वर केलं.

"दोन ठरले होते," मी म्हटलं.

"घोसही मोठा ठरला होता, मावशी," मुनाफ हळूच म्हणे. ते खरं होतं.

एक सुरुंग उडाला. दिवस बुडेपर्यंत विहिरीत घोट्याएवढं पाणी जमलं, दुसऱ्या दिवशी गुडघ्याएवढं. त्यात अर्धी रोपं लागली. अर्धी वाफ्यातच वाळली.

लावणी उरकली त्या दिवशी चंपत अंगणात जुड्या टोपल्यात भरत होता. त्याही ओळीनं.

"माय, ह्या कोणत्या बाजाराले नेऊ?"

हौसा हातपाय धुवून राह्यली होती. मी तिच्या देखत त्याले म्हटलं,

"तुह्या हाताले तोडून जुड्या बांधणं समजते, चंपत, लावणं नाही. उद्यापासून बाजार तुहा अन् वाफा हौसाचा. तिनं बोलावल्याबिगर त्यात पाय ठेवाचा नाही. अन् ह्या जुड्या कुठं न्यायच्या नाही. विहिरीच्या काठावर मांड. पाणी पुरणार नाही तवा तुले दिसल्या पाह्यजे."