मी कोणाचंच फुफ्फुस नाही

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका! तुमच्या घरी वाह्यात मुलाला म्हणतात तसला नमुना नव्हे, फुफ्फुसाचा. बिडी ओढून काळं पडलेलं फुफ्फुस कसं दिसतं, ते दाखवण्यासाठी मला प्लास्टिकपासून बनवलं.

कारखान्यात माझ्याबरोबर निरोगी फुफ्फुसाचा एक गुलाबी नमुनाही साच्यातून निघाला. रंगाऱ्यानं त्याला हलक्या हातानं रंग दिला आणि मला डांबर फासावं तसं फासलं. पुढे आम्ही दोघं गडचिरोलीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात आलो. मुली गुलाबीला हातात घेऊन फोटो काढत आणि मला बघून ‘शी!’ म्हणत. तोंड काळं घेऊनच जन्माला आलेल्यानं रागवायचं तरी कोणावर? मला बघून कुणाची तरी बिडी सुटेल, एवढीच आशा होती.

दीपाली मॅडम मुलींना पेशंटची बिडी कशी सोडवायची ते शिकवत. एक मुलगी पेशंट व्हायची, खडूचा तुकडा बिडीसारखा ओठांत धरायची आणि दुसरी तिच्याशी बोलायची. “आधी विचारा, मग ऐका, मग सांगा,” मॅडम म्हणत. “आणि घाबरवू नका.” चामोर्शीची रश्मी या सरावात सगळ्यांत हुशार. खडूवाल्या पेशंटची बिडी ती बसल्या जागी सोडवायची.

मग मुली कामासाठी अहेरीच्या एका दवाखान्यात गेल्या, बरोबर मलाही नेलं. तिथे रश्मीला खरा पेशंट मिळाला. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावाचे दसरूभाऊ. खोकून खोकून बेजार झालेले. बिडी सुटली नाही तर श्वास असाच आखडत जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रश्मी काहीही म्हणाली की ते “हो बाई” म्हणायचे आणि तिची पाठ वळली की बिडीचा कट्टा घेऊन बाहेर! ती वैतागली. मॅडम तिचं काम बघायला येणार होत्या. तिनं सरळ मला उचललं आणि त्यांच्या खाटेवर ठेवलं.

दसरूभाऊ अंग चोरून मागे सरकले. “हे कोनाचं आहे, बाई?”

प्लास्टिकचं आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते घाबरलेले बघून रश्मीला जोर चढला. “होता एक. तुमच्यासारखाच बिडी पेत होता.”

दसरूभाऊंनी कट्टा काढून तिच्या हातात दिला. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते मला पुसू लागले. लहान पोराचं तोंड पुसावं तसं, हळूहळू.

“आमच्या लच्छूचं तर नाई न हे?” ते म्हणाले. लच्छू त्यांचा धाकटा भाऊ. मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. चिरफाड होऊन, शिवलेला असा घरी आला आणि गावानं त्याला मातीत ठेवलं. “आत का होतं, का नोतं, आमाले कोन दाखवते? बिडी मीच शिकवली त्याले. मले द्या बाई हे. त्याच्या संगं मातीत ठेवतो.”

मित्रांनो, जन्मभर मला कुणी मायेनं हात लावला नव्हता. तो लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका मेलेल्या माणसाच्या वाट्याची माया मी खात होतो. तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं की, भाऊ, मी कोणाचाच नाही!

तेवढ्यात मॅडम आल्या. रश्मीच्या हातातला कट्टा बघून म्हणाल्या, “अरे वा! कसं जमवलंस?”

रश्मीचा चेहरा उतरला. खरं सांगितलं तर दसरूभाऊ पुन्हा ओढणार. नाही सांगितलं तर ते मला भाऊ समजून पुरणार. ती खाटेपाशी खाली बसली. “भाऊ, हे मानसाचं नाई. प्लास्टिकचं आहे. मी खोटं बोलली.”

दसरूभाऊंनी मला उलटं केलं. पाठीवरचा साच्याचा जोड त्यांना दिसला. शेजारच्या खाटेवरचा माणूस फिस्सकन हसला. दसरूभाऊंची मान खाली गेली. त्यांनी नुसता हात पुढे केला, रश्मीनं कट्टा परत दिला आणि ते बाहेर गेले. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मला काखेत धरून रश्मी त्यांच्या मागे गेली. ते पायरीवर बिडी ओढत बसले होते. ती शेजारी टेकली.

“सोडावीशी वाटते का, भाऊ?”

“नाई,” ते म्हणाले. “बिडी पेटवली का लच्छू बाजूले बसल्यासारखा वाटते. सोडली तं त्याले कुठी भेटू?”

“कसे होते लच्छूभाऊ?” रश्मीनं विचारलं. दसरूभाऊ बोलू लागले. बिडी ओढत राहिलं नाही की ती आपोआप विझते. तशी ती विझली आणि ती परत पेटवायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांची बिडी अजून पुरती सुटलेली नाही. पण ते तपासणीला येतात आणि आल्या आल्या रश्मीला नावानं विचारतात. मी तिथल्याच कपाटात असतो. त्या दुपट्ट्याची आठवण झाली की अजूनही लाजेनं जीव नकोसा होतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी नर्स होईल, कुणी डॉक्टर. मला पेशंटपुढे ठेवाल तेव्हा मी प्लास्टिकचा आहे, हे आधी सांगा. आणि मला बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर धडा लागू पडला असं समजू नका. त्याला विचारा, घरातलं कोण गेलं.