मोसंबीचं खत

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या बागा सांभाळल्या. आता स्वतःच्या परसात एकच मोसंबी उरलीय, आणि तिलाही ते प्रेमाने मारताहेत. लिंबाची दोन झाडं आधीच गेली.

खत घरचंच. पेंड, केळीची सालं, थोडा गूळ, आठवडाभर बादलीत आंबवायचं. वास असा, की बादली उघडली की शेजारीण खिडकी लावून घेते. एक मग खतात दहा मग पाणी मिसळून पंधरा दिवसांतून एकदा घालायचं, हे मला झोपेतही पाठ आहे. त्यांनाही पाठ आहे. फक्त आज घातलं हे उद्या आठवत नाही. मग उद्या पुन्हा, कधी कधी तर पाणी न मिसळताच. पानांच्या कडा करपल्या तेव्हा मला कळलं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, बादलीच उचलून टाक."

तिला सांगायला काय जातंय? गॅस, किल्ल्या, बाजार, एकेक काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलंय. एवढं एकच राहिलंय. सकाळी त्यासाठी तरी उठून बसतात. तेही काढलं तर दिवसभर भिंतीकडे बघत राहतील, आणि मी तिकडे शिलाईच्या कारखान्यात आठ तास कॉलर जोडत बसणार. पण झाड मेलं तरी तेच होणार.

म्हणून ठरवलं, आज बोलायचंच. घरी आले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. हे मागच्या दारी उकिडवे बसून एक पान उलटसुलट करून बघत होते.

"हे कोणी केलं?" मान वर न करता त्यांनी विचारलं. "कच्चंच ओतलंय, तेही बुंध्याशी. मुळं भाजली ना. कोणत्या गाढवाचं काम हे?"

किती दिवसांनी हा आवाज ऐकला. पूर्वी हाताखालच्या माळ्यांना दटावायचे, तो. पाठ करून आणलेलं सगळं मी बाजूला ठेवलं.

"मीच घातलं," मी म्हटलं.

"माळ्याची बायको ना तू? चाळीस वर्षांत एवढंही शिकली नाहीस?"

मग जरा सरकून त्यांनी मला शेजारी जागा केली आणि सगळं समजावून सांगितलं. एकाला दहा. खोडापासून हातभर लांब. आता महिनाभर नुसतं पाणी, बाकी काही नाही. एक अक्षर चुकलं नाही. मी मान डोलवत राहिले. अंगात त्राण नव्हतं, त्यांचं कौतुक वाटत होतं, आणि रागही येत होता.

"जाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "तू दमलेली असतेस. उद्यापासून बादलीला हात लावू नकोस. खत मीच घालत जाईन."